खडक लागल्याचा आनंद

समुद्रात बुडी मारायला निघालोय असं सांगोल्यात ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग शालनकडं, आणि मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरात सगळं बरं हाय न्हवं?"

घरात सगळं बरं होतं. फक्त शालनचे गुडघे बरे नव्हते. पुढच्या महिन्यात सोलापूरला दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्याआधीच्या तपासण्यांसाठी शनिवारी दवाखान्यात हजर राहायचं होतं. म्हणजे हातात होता एकच आठवडा. "गुडघं बदलायच्या आदी जाऊन येऊ," ती म्हणाली, "नंतर तुमची पोरं मला जिना बी चढू देणार न्हाईत." चांगलं काही केलं की पोरं तिची असतात आणि आडवी आली की माझी.

आता ही समुद्राची खोड तिला कुठून लागली, तेही सांगतो. तिचं माहेर मोडनिंबजवळ. मळ्यात पायऱ्यांची विहीर होती. पाठीला वाळका भोपळा बांधून ती सातव्या वर्षी पोहायला शिकली आणि दहाव्या वर्षी काठावरून मुटके मारायला लागली. पण विहिरीचं पाणी कायम हिरवंगार. तळाला पाय टेकायचा, तळ दिसायचा नाही. मग लग्न होऊन ती आमच्याकडं आली, आणि आमच्याकडं पाणी बघायचं म्हणजे टँकर आला की. अडतीस वर्षांत तिनं पोहण्याचं नावही काढलं नाही. मधेच एकदा टीव्हीवर समुद्राच्या तळाचा कार्यक्रम लागला, तेव्हा चुलीवरची भाजी करपवून ती उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "बूड दिसतंय बगा पाण्याचं." त्यानंतर वर्षातून एकदा तरी हे वाक्य कानावर येतच राहिलं.

मला पोहता येत नाही. आमच्या भागात त्याची कुणाला लाज वाटत नाही. बुडायला तरी पाणी लागतं. माझी एकतीस वर्षं भूकरमापक म्हणून लोकांची शेतं मोजण्यात गेली. सांगोला आणि माळशिरस तालुक्यांतल्या निम्म्या भांडणांत मी साखळी घेऊन मधे उभा राहिलेलो आहे. जमीन मला कळते. बाकी तीन चतुर्थांश पृथ्वीशी माझा संबंध नव्हता.

सोमवार, मालवण

राहायची सोय भिकाजीकाकांच्या घरी केली होती. काका पासष्टीचे, काटक, मच्छीमार. आता मासे कमी धरतात आणि छोट्या होडीतून माणसं समुद्रात नेतात. त्यांची पुतणी संपदा पाण्यात बुडी मारायचं रीतसर शिक्षण घेतलेली. ती माणसांना हाताला धरून खाली नेते. मालवणात अशा होड्या पुष्कळ. बहुतेक सगळ्या किल्ल्याच्या आसपासच उतरवतात. काकांचं म्हणणं, तिथं माशांपेक्षा माणसं जास्त. त्यांचा स्वतःचा एक खडक होता, किनाऱ्यापासून बराच आत, भर समुद्रात, पाण्याखाली सहा वाव. दोन्ही हात पसरले की जेवढं अंतर होतं तो एक वाव. तिथं तळ काचेसारखा दिसतो, असं फोनवर सांगितलं होतं, आणि त्या एका वाक्यावर शालननं पिशव्या भरल्या होत्या.

घरामागं विहीर होती. शालन कठड्यापाशी गेली ती तिथंच थिजली. हात घातला तर पाण्याला लागेल इतकं वर पाणी, आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही.

"हितं कुणी पोहत न्हाय?" तिनं विचारलं.

काकी कळशी घासत होत्या. त्यांचा हातच थांबला. "पिवच्या पान्यात पोवतास तुमी?"

"मग! पोहायचं बी त्याच्यात आन् प्यायचं बी त्येच. आमाला काय दोन दोन इहिरी हायत?"

काकींनी त्या दिवसापासून विहिरीवरचं झाकण जरा जपूनच ठेवलं.

संध्याकाळी संपदा फॉर्म घेऊन आली. हृदय, दमा, कान, रक्तदाब. शालननं सगळीकडं 'नाही' असं लिहिलं, आणि गुडघ्यांचं वेगळं लिहून दाखवलं. संपदा म्हणाली, "काकी, गुडघे वर लागतात. खाली नाही." मग माझी पाळी आली. "काका, बीपीची गोळी घेता?" म्हटलं, रोज. "मग तुम्हाला नाही नेता येणार. होडीत बसा."

मी तोंड पाडलं. शालन माझ्याकडं बघून म्हणाली, "पाडू नका तोंड. आतनं हसताय, दिसतंय मला."

मंगळवार

होडी म्हणजे आमच्याकडच्या बैलगाडीपेक्षा थोडी लांब, मागं इंजिन. सकाळी सात वाजता निघालो. सव्वासातला मी नाश्त्याचे पोहे समुद्राला परत केले. शालननं पाठीवर हात फिरवला आणि दुसऱ्या हातानं कडक भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला. तिला काहीही होत नव्हतं.

किनारा मागं मागं जात बोटभर उरला तशी मला एक शंका आली. आमच्याकडं हद्दीचा दगड हरवला तरी झाड असतं, ओढा असतो, भांडणारा शेजारी असतो. इथं चहूबाजूंनी नुसतं हलणारं पाणी. सहा वाव खालचा खडक हा माणूस शोधणार कसा?

"मशीन न्हाई का, काका? मोबाइलात ठिकाण दाखवतात ते?"

"मशीनीत घातला की सगळ्या मालवणाक गावला," काका म्हणाले. "माझ्या बापाशीन माका दाखवल्यान, मिया माझ्या पोराक दाखवलंय. चौथ्याक नाय."

मग मला गप्प बसवायला म्हणून त्यांनी अर्धं गुपित सांगितलं. किनाऱ्यावरच्या देवळाचा कळस आणि त्यामागच्या टेकडीवरचं एक जुनं आंब्याचं झाड. "कळस आंब्याच्या बुंध्यार इलो की ती एक रेग. दुसरी रेग दुसरीकडे. दोन रेगो जंय मिळतत, थंय खडक."

मी ताडकन उठून बसलो. अहो, हे तर माझंच काम! दोन खुणा एका ओळीत धरायच्या, मग आणखी दोन धरायच्या, आणि ओळी छेदतात तो कोपरा पक्का. मी आयुष्यभर रंगीत काठ्या रोवून जे केलं, ते हा माणूस देऊळ आणि आंबा रोवून करत होता. फक्त दुसरी ओळ कुठली ते सांगेना. मला चैन पडेना. मी त्यांच्या नजरेचा माग काढला. ते सारखे उजवीकडं, किल्ल्याच्या बुरुजाकडं बघत होते. बुरुजाच्या डाव्या टोकाला बरोबर एक पांढरं जहाज दिसत होतं. म्हटलं, सापडलं. पाठ फिरवून खिशातली वही काढली आणि टिपण मांडलं: कळस, आंबा, बुरूज, पांढरं जहाज. सवय वाईट. बिनकागदाची हद्द मला सहनच होत नाही.

काकांनी इंजिन बंद केलं आणि दोरीला बांधलेला शिशाचा गोळा हातात घेतला. गोळ्याच्या बुडाला अंगाच्या साबणाचा तुकडा चेपून बसवला होता. गोळा खाली सोडला, ओढून घेतला. साबणाला वाळू चिकटून आली. होडी जरा सरकवली, पुन्हा सोडला. पुन्हा वाळू. तिसऱ्या वेळी दोरी लवकर ढिली पडली, आणि साबण वर आला तो कोरा, मधे एक खोच पडलेला.

"खडक लागलो!" काका ओरडले.

"अरेरेरे!" मी आणि शालन एकदमच बोललो. शालननं तर कपाळाला हात लावला.

काका आमच्याकडं बघतच राहिले. "अरेरे कित्याक? खडकासाटीच तर इलंव!"

आता त्यांना काय सांगणार? आमच्याकडं बोअरचं मशीन घरघरतं, सगळं घर भोवती उभं असतं, आणि मशीनवाला म्हणतो, खडक लागला. म्हणजे संपलं. बायका आत जातात, पुरुष मशीनवाल्याला चहा द्यायचंही विसरतात. आमच्या शेतात तीनदा खडक लागलाय. हे दोन शब्द ऐकले की तोंडातून आपोआप अरेरेच निघतं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. दोरी गुंडाळत म्हणाले, "पान्यासाटी खडक नको, आनि आमका पान्यात खडक व्हयो. देवाक मोटो ताप."

पण त्या दिवशी खडक लागूनही उपयोग झाला नाही. संपदा आधी एकटी खाली जाऊन आली. पाणी गढूळ होतं, स्वतःचा हात दिसत नव्हता. "काकी, आलोच आहोत तर नुसतं खाली जाऊन येऊ या?"

शालननं मान हलवली. "बूड न दिसता बुडून काय करू? ते मी मोडनिंबात केलंय."

बुधवार

वारा सुटला. एकही होडी निघाली नाही. काकींनी दुपारी ताटात बांगडा वाढला, सोबत सोलकढी. मटण खाणाऱ्या माणसाला माशाचा काटा काय कळणार? हाडूक चघळायच्या हिशेबानं मी तुकडा तोंडात टाकला, आणि पुढचा अर्धा तास घरातली सगळी माणसं माझ्या घशाकडं बघत बसली. काकींनी कोरड्या भाताचे गोळे गिळायला लावले. चौथ्या गोळ्याला काटा उतरला. शालननं तोवर शांतपणे दोन बांगडे संपवून काटे ताटाच्या कडेला मोजणीच्या काठ्यांसारखे ओळीनं मांडले होते.

संध्याकाळी आम्ही वाळूत गेलो. वाळूत चालताना गुडघे जास्त दुखतात, हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं. दहा पावलांवर ती बसली. मी म्हटलं, जमलं नाही तर पुढच्या वर्षी येऊ. ती म्हणाली, "ऑपरेशनानंतर काय हुतंय कुणाला ठावं? आन् आपण पुढच्या वर्षी म्हणलेल्या किती गोष्टी केल्या, तुमीच सांगा."

मला एकही आठवली नाही. फार वाईट वाटलं. शुक्रवारी सकाळची परतीची गाडी होती, म्हणजे उरला होता गुरुवार.

गुरुवार

पहाटे वारा पडला. पाणी निवळलं होतं. होडीच्या कडेवरून वाकून बघितलं तर वल्ह्याचं टोक स्वच्छ दिसत होतं. संपदा खूश. शालननं तो काळा रबरी पोशाख किनाऱ्यावरच चढवला, त्याला काकींसकट दोन माणसं लागली. मंगळसूत्र आत, टिकली जागेवर. मी तिला अडतीस वर्षं साडीतच पाहिलेलं. मला हसू येत होतं आणि हसायची हिंमत होत नव्हती.

निघालो. कळस दिसला, आंबा दिसला. काकांनी उजवीकडं मान वळवली आणि त्यांचा चेहरा पडला. तिकडं धुकं होतं. किल्ल्याचा बुरूज दिसत होता, पण त्यामागचा सगळा मुलूख पुसून टाकल्यासारखा गायब.

"आज डोंगर दिसणा नाय," काका म्हणाले. "धा वाजेपर्यंत बगू. मगे वारो येतलो, पानी परत गढूळ."

साडेआठ वाजले होते.  शालननं मांडीवरचा काचेचा मुखवटा फक्त उलटा करून ठेवला. ते मला बघवलं नाही. मी वही काढली.

"काका, माफ करा. चूक झाली. परवा मी तुमची दुसरी खूण लिहून घेतली."

काकांचे डोळे बारीक झाले. संपदानं दुसरीकडं बघितलं. बापानं मुलाला दाखवलेली जागा एका सांगोलेकरानं वहीत उतरवलेली! काकांनी हात पुढं केला. "वाचा बगूया."

मी वाचलं, "बुरुजाचं डावं टोक, त्याच्यामागं पांढरं जहाज."

 मग काका असे हसले, की होडी डोलायला लागली. "जहाज! गे संपदा, साहेबांनी जहाज लिवल्यानी!" ते डोळे पुसत म्हणाले, "ता जहाज काल गोव्याक गेला! लिवा, लिवा. सगळ्या सांगोल्याक वाटा."

मी बुरुजाकडं बघितलं. जहाज नव्हतं. एकतीस वर्षांत मी खुणेला कधी चालता बैल धरला नव्हता, आणि इथं खुशाल जहाज धरलं! जमिनीवर जे उभं असतं ते उभंच असतं, या भरवशावर माझी सगळी नोकरी झाली. काका बुरुजावरून पलीकडच्या डोंगराची खिंड बघत असत. जहाज मधे आलं हा माझ्या नशिबाचा भाग.

शालन म्हणाली, "ह्यांच्या असल्या मोजणीवर लोकांनी कोर्टात शपता घेतल्यात."

पण हसण्यानं एक झालं. काकांचा राग गेला, आणि माझं डोकं चालायला लागलं. एक ओळ तर शाबूत होती. कळस आणि आंबा. खडक त्या ओळीवरच कुठं तरी होता. गटाची बाजू माहीत होती, कोपरा नव्हता. मग बाजूनं चालत जाऊन कोपरा शोधायचा. मी म्हटलं, "काका, तुम्ही इंजिन बघा. संपदा गोळा सोडेल. ओळ मी धरतो. होडी ओळीवरून तसूभर हलू देत न्हाई."

काका इंजिनाकडं सरकले. "एकट्यान तीन कामा जमाची नाय खरी. धरा."

मी होडीच्या टोकाला, किनाऱ्याकडं तोंड करून गुडघ्यांवर बसलो. एक डोळा मिटला. कळस बुंध्यावर. लाटेनं होडी सरकली की कळस बुंध्याच्या बाहेर यायचा. "डावीकडं! अजून. बास! उजवीकडं चिमूटभर!" माळरानावर उन्हात उभं राहून दूरच्या शिपायाला ओरडायचो, तोच आवाज बाहेर आला. मळमळ कुठल्या कुठं गेली. मागून संपदाचा आवाज येत होता, "नऊ वाव, वाळू." होडी पुढं. "नऊ, वाळू." पुढं. "साडेआठ, वाळू." घड्याळात सव्वानऊ झाले. शालननं डोळे मिटले होते. हे मी बघितलं नाही, तिनं नंतर सांगितलं. मी कळसावरची नजर काढत नव्हतो.

"सहा वाव," संपदा म्हणाली. दोरी खसखसत वर आली. "साबण कोरा."

"खडक लागला!" मी ओरडलो. माझ्याच तोंडातून, आनंदानं. जन्मात पहिल्यांदा.

नांगर वाळूत टाकला. काका म्हणाले, "साहेबानू, रेग सोडू नका. नांगर सरकलो तर माका सांगा. माणसा खाली असतत तेवा होडी हलता नये." मला काम मिळालं. शालन कडेवर बसली, पाठीवर नळकांडं, तोंडात नळी. तिनं माझ्याकडं बघून काही तरी हातवारे केले, त्याचा अर्थ मला अजून कळलेला नाही. मग ती आणि संपदा मागच्या मागं पाण्यात पडल्या, आणि होडीत एकदम शांत झालं.

वर नुसते बुडबुडे. मोजणीला गेलो की मी तीन तीन दिवस घरी यायचो नाही. ती वाट बघायची. मला वाट बघायचा सराव नव्हता. चारच मिनिटं झाली आणि तेवढ्यात मी तीनदा घड्याळ बघितलं. शेवटी न राहवून मी पडलेला जादा मुखवटा उचलला, पालथा पडलो आणि तोंड पाण्यात घातलं.

खाली ती होती. तळाची वाळू पांढरी, तिच्यावर लाटांच्या सुरकुत्या. खडकाभोवती पिवळे-काळे मासे. आणि शालन त्यांच्यामधून सरळ, सावकाश, पाय लांब करून चालली होती. लंगडत नव्हती. कशाचा आधार घेत नव्हती. संपदानं नळकांडं मागून धरलं होतं एवढंच. मला लग्नाआधीची शालन माहीत नव्हती. आमच्यात तेव्हा मुलगी बघायची म्हणजे खाली मान घालून चहाचा ट्रे आणणारी बघायची. विहिरीत मुटके मारणारी ती मोडनिंबची पोरगी मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. डोळ्यांत खारं पाणी गेलं असावं. मुखवटा नीट बसला नव्हता.

"साहेब! खुणा कोन बगतलो?" काका ओरडले. मी धडपडत टोकाला गेलो. कळस बुंध्यावरच होता.

वीस मिनिटांनी त्या वर आल्या. शालननं होडीची कड धरली, नळी काढली. चेहऱ्यावर मुखवट्याचा लाल गोल वळ. टिकली समुद्राला गेली होती. काकांनी विचारलं, "काय वैनी, दिसलो तळ?"

"दिसलं," ती म्हणाली. "सगळं दिसलं." आणि रडायला लागली. हसतही होती. 

मी हात पुढं केला. "चल, ये वर. दमली असशील."

तिनं माझ्या हाताकडं बघितलं, मग संपदाकडं वळली. "पोरी, आजून हवा हाय का गं ह्यात?"

संपदानं काटा बघितला. "आहे, काकी. दहा मिनिटांची."

"मग चल की."

तिनं नळी तोंडात घातली. या वेळी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बुडबुडे वर आले, होडीपासून दूर जात राहिले. मी टोकाला जाऊन बसलो, एक डोळा मिटला आणि कळस आंब्यावर धरला.